पट्टीखालचं नाव

गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात मला माझं नाव सापडलं. ट्रेमॉन्ट ॲव्हेन्यूवरच्या ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी काम करते, तिथे कपडा यंत्रात जायच्या आधी त्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा असा मिसेस फिगेरोआंचा कडक नियम आहे. एका विसरलेल्या पेनने त्यांच्याकडचे म्हणे एकदा अख्ख्या लग्नाचे सूट निळे करून टाकले होते. त्यामुळे खिसे चाचपता चाचपता मी माणसं ओळखायला शिकले आहे. दात कोरायच्या काड्या, तुटका कंगवा, चर्चच्या दानपेटीत टाकायचं राहून गेलेलं पाकीट, एकदा तर चक्क कवळी. तर त्या मंगळवारी एका बदामी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद निघाला, आणि तो टोपलीत टाकण्याआधी मी सवयीने उघडला. शनिवारच्या पार्टीचं पत्रक होतं. वर तारे उधळलेले, मधोमध तबकड्या वाजवणाऱ्या एलिस्टनचं नाव सगळ्यात मोठं, त्याखाली मी कधी न ऐकलेल्या दोन पोरांची नावं, आणि अगदी खाली, जरासं तिरकं, कडेला चकाकीची रेघ असलेल्या अक्षरांत, लेडी वेल्वेट. ती मी. म्हणजे होते. कान असे तापले की मला वाटलं वाफेच्या इस्त्रीचं झाकण कुणीतरी उघडं ठेवलंय. ज्या एलिस्टनशी मी दीड वर्ष एक शब्द बोलले नव्हते त्याच्या पार्टीत मी शनिवारी माइकवर बोलणार होते, आणि हे मला एका परक्या माणसाच्या खिशातून कळत होतं.

"काय गं मिहा, भूत बघितलंस का?" मिसेस फिगेरोआंनी काउंटरवरून विचारलं. त्या मला मिहा म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत पोरी. मी म्हटलं, "नाही, जाहिरात आहे." "मग टाक की टोपलीत." मी टाकली नाही. ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि दिवसभर त्या खिशाकडे एक हात जात राहिला.

आमच्याकडे तोंडावर कुणी काही सांगत नाही, पत्रक सांगतं. कोण चढला, कोण उतरला, कुणाचं कुणाशी फाटलं, हे सगळं त्या हाताएवढ्या कागदावर येतं आणि विजेच्या खांबांवर, न्हाव्याच्या आरशात, शाळेच्या फाटकाशी वाटलं जातं. ज्याचं नाव वर, तो मोठा. ज्याचं नाव मोठं पण खाली, तो रुसलेला आणि समजूत काढलेला. माझं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा ते मुंगीएवढं होतं, सगळ्यात खाली, पत्त्याला चिकटून. मी ते ममाला दाखवायला धावत जिने चढले होते. ती मासे तळत होती. तिने पिठाने भरलेल्या बोटांनी कागद कोपऱ्यात धरला आणि म्हणाली, "आमच्या कॅरोलायनात छापून नाव यायला माणूस एक तर मरावा लागायचा, नाहीतर पकडला जावा लागायचा. तू यातलं काय केलंस?" पण नंतर तो कागद तिने बायबलच्या मागच्या पानात ठेवला, मला दिसला होता. पुढे माझं नाव वाढत गेलं. एलिस्टन दोन तबकड्यांवर तोच ढोलाचा तुकडा पुढे-मागे, पुढे-मागे खेळवायचा, तीन मुलगे आणि डावीकडच्या टोकाला मी, असे आम्ही चौघे त्यावर आळीपाळीने यमकं टाकायचो, आणि माझी पाळी आली की पोरी पुढे सरकायच्या. त्यांच्यासाठीच मी बोलायचे. कुणाचा वाढदिवस, कुणाची नवी नोकरी, कुणाला सोडून गेलेला गाढव, सगळं यमकात बसवायचे. मग एका मार्चमध्ये पत्रक आलं आणि त्यावर मुलांची तीन नावं होती. मला वाटलं चुकलं असेल. शाळेच्या सभागृहात एलिस्टन वायरी गुंडाळत बसला होता, मी जाऊन विचारलं, "एलिस्टन, मी शनिवारी आहे ना?" त्याने मानही वर केली नाही. "पत्रक वाच," म्हणाला. एवढंच. पाच वर्षं ज्याच्या लाउडस्पीकरांची खोकी मी जिन्यावरून चढवली-उतरवली, त्याच्याकडे माझ्यासाठी तेवढेच दोन शब्द होते. मुलांना कुणी रेकॉर्ड काढायला बोलावलं होतं आणि बोलावणाऱ्याला पोरगी नको होती, हे मला मागाहून न्हाव्याकडून कळलं. आणखी काही महिन्यांनी त्यांनी एलिस्टनलाही टाकलं. स्टुडिओत पगारी वादक असतात, तबकड्या फिरवणारा माणूस कशाला? ते ऐकून मी मोठ्याने हसले होते. चांगलं हसले. मग रात्री जेवताना घास खाली उतरेना, तेव्हा लक्षात आलं की ते हसू नव्हतं.

आणि आता हे. विचार करायला फार डोकं लागत नव्हतं. एलिस्टनच्या नव्या पोरांना कुणी ओळखत नाही, हॉल भरायचा आहे, तर जुनं एक नाव टाकून द्या गळाला. हे सगळेच करतात. न येणाऱ्या माणसाचं नाव छापायचं, लोक आत आले की सांगायचं, तब्येत बिघडली. मी घसा बसून घरी पडलेली असताना एका हॉलच्या पत्रकावर मला कुणीतरी नाचवलं होतं. पण ते परके होते. एलिस्टनने मला आमिष म्हणून वापरावं, मला न विचारता, ज्याने मला न सांगता काढलं त्यानेच? दुकान बंद झाल्यावर मी ॲप्रनही न काढता थेट ऑर्व्हिलकडे गेले, कारण पत्रकं सगळी तो करतो. एलिस्टनच्या तोंडाला लागायची माझी तयारी नव्हती.

ऑर्व्हिलचा कारखाना म्हणजे त्याच्या आईचं स्वयंपाकघर. टेबलाच्या अर्ध्या भागावर कात्री, रबराच्या डिंकाची बाटली, कापलेल्या फोटोंची डोकी, घासून उमटवायच्या अक्षरांचे ताव, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर खोबऱ्याच्या दुधातल्या भाताचं पातेलं. तो चमच्याच्या पाठीने एक अक्षर घासत होता, जीभ दातांत धरून. "कुणी सांगितलं तुला माझं नाव टाकायला?" मी दारातूनच विचारलं.

"वेल्वेट! किती दिवसांनी गं! कुठे टाकलं?"

मी पत्रक त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ते घेतलं, दिव्याखाली नेलं, लांब धरलं, जवळ आणलं. मग त्याने एक शिवी हासडली आणि भिंतीपलीकडे ओरडला, "मम्मी, तू काही ऐकलं नाहीस!" "ऐकलं," पलीकडून उत्तर आलं. त्याने फ्रिजच्या मागे हात घालून एक जाड पुठ्ठा ओढून काढला. त्यावर शनिवारचं पत्रक होतं, पण पत्रकासारखं गुळगुळीत नाही, थरांवर थर चढलेलं. नाव, त्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर दुसरं नाव, त्यावर अजून एक पट्टी. "अक्षरांचे ताव परवडत नाहीत गं," तो सांगायला लागला, "म्हणून जुनाच पुठ्ठा पुन्हा वापरतो. तारे तेच, चौकट तीच. घासलेलं अक्षर खरवडायला गेलं तर पुठ्ठ्याचं कातडं निघतं. म्हणून मी नाव काढत नाही, वरून पांढरी पट्टी चिकटवतो. छपाईत दिसत नाही."

"म्हणजे मला..."

"तुला कुणी काढलंच नव्हतं. पट्टी मारली होती. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रकात तू खाली होतीसच." तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "हे बघ, पुठ्ठा शेगडीजवळ होता. उन्हाळा हा असला. डिंक वाळला असेल आणि छापखान्यात नेताना पट्टी गळून पडली. बाई गं, मी फक्त एलिस्टनचं नाव सरळ आहे का तेवढं बघितलं. भांडतो तो तेवढ्यावरूनच." त्याने कापडी पिशवी उलटी केली. रंगीत पेन्सिली पडल्या, अर्धा पाव पडला, आणि बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी, मागे डिंकाचा पिवळा खरपुडा. तीच. मी ती हातावर घेतली. तिला वजन असं काही नव्हतंच.

मी काय अपेक्षा केली होती? कुणीतरी वाईट असावं, अशी. म्हणजे मला चिडायला जागा राहिली असती. इथे तर कुणी माझा विचारच केला नव्हता, चांगला ना वाईट. मला शनिवारी बोलावलं होतं ते एका वाळलेल्या डिंकाने. पण डोळे त्या पुठ्ठ्यावरून हलेनात. ते नाव तिथे होतं. मी दुकानात लोकांचे खिसे उलटे करत होते, रेडिओवर कुणी यमकं टाकायला लागलं की बटण फिरवत होते, ममाला सांगत होते की ते पोरपण होतं, संपलं, आणि इकडे फ्रिजमागे माझं नाव कडेच्या चकाकीसकट जसंच्या तसं बसून होतं.

"थोडी पत्रकं उरलीत," ऑर्व्हिल हळूच म्हणाला आणि एक जाड काळा मार्कर माझ्यापुढे सरकवला. "तू म्हणशील तर बसून काळं करू. खांबांवरची पण करून येतो मी." मी टोपण काढलं. त्याचा उग्र वास नाकात गेला. तेवढ्यात त्याची आई आत आली, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ही काडी कोण? आणि उपाशीपोटी काय खोडाखोडी चाललीय? आधी जेवा." मग काय, जेवलो. भात संपेपर्यंत मार्करचं टोक वाळून गेलं, मी टोपण लावायला विसरले होते. मी पत्रक आणि पट्टी पर्समध्ये ठेवली आणि काहीच न ठरवता घरी आले.

घरी ममाने सगळं ऐकून घेतलं. ती चर्चच्या गायकवृंदात वीस वर्षं उभी राहिलेली बाई, तिला स्टेज कळतं. "एलिस्टनने बोलावलंय का तुला?" तिने विचारलं. "छापलंय." "छापणं म्हणजे बोलावणं नव्हे, वर्नेटा मे." पूर्ण नाव घेतलं म्हणजे तिचं मत पक्कं असतं. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही हे तिने मला कंगव्याबरोबर, भांगाबरोबर घालून दिलं होतं. आणि मलाही तेच दिसत होतं, सतत दिसत होतं. मी हॉलमध्ये शिरतेय, एलिस्टन वायरीतून मान वर काढतोय, सगळ्यांसमोर विचारतोय, तू कशी इथे? काढलं तेव्हा निदान ते एकट्यात झालं होतं. हे चारचौघांत होईल. पुन्हा एकदा हाकलून घ्यायला स्वतःच्या पायांनी जायचं, एवढी मी खुळी नव्हते. पण मग न जावं, तर दारात उभ्या राहिलेल्या पोरी म्हणतील, वेल्वेटने फसवलं. मी कुणाला फसवलं नव्हतं, आणि तरी ते माझ्याच नावावर जाणार होतं.

दुकानात मागच्या खोलीत वाफेची इस्त्री आहे. पाय दाबला की सुस्कारा, झाकण पडलं की धप. सुस्कारा, धप. दीड वर्ष मी ते ऐकत होते आणि ते नुसतं यंत्र होतं. त्या आठवड्यात त्याच्यात ताल शिरला. धपच्या जागी जुन्या ओळी आपणहून येऊन बसायला लागल्या, मी बोलावलेल्या नसताना. आधी ओठांत, मग पुटपुटत. गुरुवारी मिसेस फिगेरोआ बँकेत गेल्या होत्या तेव्हा मी प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या सूटांच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि पूर्ण आवाज सोडला. पहिली ओळ चिरकली. दुसरी पण. घाबरून मी थांबले, घशाला हात लावला, तो आपलाच आहे का ते बघितल्यासारखा. तिसऱ्यांदा मात्र आवाज पोटातून आला आणि समोरची प्लास्टिकं थरथरली. मला इतका आनंद झाला की मी एका करड्या सूटचा हात धरून हलवला. वळले तर दारात मिसेस फिगेरोआ. "संपलं का?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. "त्या सूटला आवडलं असेल तर मला पण ऐकव. पण आधी पडदे इस्त्री कर."

शुक्रवारी बदामी कोटाचा मालक आला. रेजिनाल्ड, बस डेपोत काम करतो, दात पुढे, हसतमुख. कोट घेतला, खिसा चाचपला आणि चेहरा पडला. "ताई, यात एक कागद होता हो." मी पत्रक काढून दिलं. "हुश्श! हे दाखवलं की दारात सवलत आहे. आणि बहिणीला दाखवायचंय. वेल्वेट येतेय ना!" मी कोटाला पिशवी चढवत होते, जाळीत बांधलेले केस, तोंडावर घाम. म्हटलं, "कोण वेल्वेट?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी नुकतीच बोटीतून या देशात उतरले होते. "अहो, पार्कात तिने माझ्या बहिणीचं नाव घेतलं होतं माइकवर! लोरेन. त्या वर्षी ती शाळेत नापास झालेली, घराबाहेर पडत नव्हती, मी ओढून नेलं होतं. आणि ती बाई म्हणते काय, लोरेन नापास झाली म्हणून रडू नका, मास्तरलाच उत्तर येत नव्हतं. यमकात हां! सगळा पार्क लोरेन लोरेन ओरडत होता. महिनाभर पोरगी जमिनीवर नव्हती. परत परीक्षेला बसली." मला लोरेन आठवेना. कितीतरी नावं घेतली असतील, पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडून सांगायचं, मी उचलायचे आणि पुढे जायचे. "तिने फ्रॉक शिवलाय उद्यासाठी," तो म्हणाला, "पण मी तिला म्हटलं, फार आशा ठेवू नको. नावं छापतात लेकाचे, आणि येत कुणी नाही." तो गेला. त्याच्या पाठीवर तो स्वच्छ कोट प्लास्टिकमध्ये फडफडत होता. मी काउंटर धरून उभी राहिले. लोरेन. आठवत नसलेल्या मुलीने माझ्यासाठी फ्रॉक शिवला होता.

शनिवारी दुपारी मी अंघोळ करून बाहेर आले तर खुर्चीच्या पाठीवर जाकीट होतं. गडद लाल मखमलीचं, बिनबाह्यांचं. चर्चमधला गायकांच्या मागचा जुना पडदा बदलला तेव्हा ममाने तो मागून आणला आणि त्यातून मला ते शिवलं होतं. माझं वेल्वेट हे नाव त्यावरूनच पडलं. मला वाटत होतं तिने ते कधीच देऊन टाकलं. ममा खिडकीशी शेंगा निवडत होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही. "एक बटण सैल झालं होतं," ती म्हणाली, "लावलंय." मी जाकीट घातलं. छातीशी किंचित घट्ट झालं होतं. पर्समधली ती पांढरी पट्टी काढून मी जाकिटाच्या खिशात टाकली, का ते मला सांगता येणार नाही. "ममा, त्याने मला हाकललं तर?" "तर घरी ये. शेंगा शिजलेल्या असतील."

हॉलच्या पायऱ्यांवर अजून ऊन होतं. पोरं दोऱ्यांवर उड्या मारत होती, लवकर आलेल्या मुली एकमेकींच्या वेण्या नीट करत होत्या. दारावर पूर्वीचाच राखणदार बिग्ज होता, कपाटाएवढा. पत्रक दाखवा, पत्रक दाखवा, असं म्हणत त्याने माझ्यापुढे हात केला आणि हात तसाच राहिला. "अगं ए वेल्वेट! सगळ्या गावाकडे तुझं पत्रक आणि तुझ्याकडेच नाही?" पोरी वळून बघायला लागल्या. आता परत फिरलं तरी चालणार होतं, अजून आतल्या कुणी बघितलं नव्हतं. बिग्जने दार उघडून धरलं. त्याचा हात दुखेल म्हणून मी आत गेले, असं मी स्वतःला सांगितलं.

आत अर्धवट अंधार, फरशी पुसल्याचा वास. समोरच्या टेबलामागे एलिस्टन गुडघ्यांवर बसून वायरी सोडवत होता. केस थोडे मागे गेले होते. दोन कोवळी पोरं कोपऱ्यात ओठ हलवत पाठांतर करत होती, घाबरून पार पांढरी. टेबलापुढे दोन माइक उभे होते. आणि डावीकडच्या टोकाला तिसरा, इतरांपेक्षा वीतभर खाली उतरवलेला. माझ्या उंचीचा. माझ्याशिवाय त्या उंचीचं तिथे कुणी कधीच नव्हतं. मी त्याच्यापर्यंत चालत गेले, जोड्यांचा आवाज त्या रिकाम्या हॉलमध्ये फार मोठा होत होता. म्हटलं, "हा कुणासाठी?"

त्याने मान वर केली नाही. "पत्रक वाच," म्हणाला. मग हातातली वायर खाली ठेवली आणि वर बघितलं. या वेळी बघितलं. "मंगळवारी खांबावर दिसलं मला. आधी वाटलं ऑर्व्हिलचा घोळ असेल. मग म्हटलं, तूच जाऊन त्याला सांगितलं असशील. सांगितलं असशील तर बरं, असं म्हटलं. म्हणून मी त्याला विचारलंच नाही." त्याने ओठ चावला. "तेव्हा मी तुला तोंडाने सांगायला हवं होतं, वेल्वेट. मला लाज वाटली, म्हणून नाही सांगितलं. मुलांनी मला टाकलं तेव्हा मला पण पत्रकावरूनच कळलं." कोपऱ्यातली पोरं पाठांतर थांबवून बघत होती. "तूच सांगितलंस ना नाव टाकायला?"

मी खिशात हात घातला. पट्टी तिथे होती. बोटांना डिंकाचा खरपुडा लागला. मी ती चुरगळून बारीक गोळी केली. दारातून पोरींचा गलका आत यायला लागला होता आणि त्यातल्या एकीने नवा फ्रॉक घातलेला असणार होता.

"हो," मी म्हटलं, "मीच सांगितलं. आणि तो माइक जरा वर कर, आज मी उंच टाचांचे जोडे घातलेत."